मधुमेहात मेटाबोलिक अल्कलोसिस: उलट्या, पोटॅशियम आणि फसवा 'नॉर्मल' रिपोर्ट

मधुमेह असलेल्या घरात कीटोॲसिडोसिस हा शब्द बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. साखर वाढते, इन्सुलिन अपुरं पडतं, कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साठतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. त्याच्या नेमकं उलट, म्हणजे रक्त जास्त अल्कधर्मी होणं (अल्कलोसिस), याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष नसतं. खरी पंचाईत पुढेच आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. तेव्हा एक दुसरीला झाकते, पीएच (रक्त आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा) नॉर्मल येतो आणि आजारी माणूस 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवला जातो. म्हणून मधुमेहात नुसता पीएच किंवा नुसती साखर बघून निर्णय घेऊ नये. कीटोन, पोटॅशियम आणि क्लोराइड हे तीन आकडे हातात हवेतच.

रक्तात नेमकं काय घडतं

रक्ताचा पीएच साधारण ७.३५ ते ७.४५ आणि बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा अल्कधर्मी घटक) २२ ते २६ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असतं. बायकार्बोनेट मुळातूनच वाढलं आणि त्यामुळे पीएच ७.४५ च्या वर गेला, तर तो मेटाबोलिक अल्कलोसिस. पीएच ७.५५ च्या पुढे गेला तर प्रकरण गंभीर समजायचं.

निरोगी मूत्रपिंड जादा बायकार्बोनेट लघवीवाटे सहज फेकून देतं. त्यामुळे अल्कलोसिस होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: काहीतरी त्याला सुरू करणारं आणि काहीतरी त्याला टिकवून धरणारं. सुरू करणारं कारण बहुतेकदा उलट्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हे असतं. जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर गेलं की ते बनवताना तयार झालेलं बायकार्बोनेट रक्तात शिल्लक राहतं. टिकवून धरणारी कारणं चार: शरीरातलं पाणी कमी होणं, क्लोराइड कमी होणं, पोटॅशियम कमी होणं आणि मूत्रपिंडाचं काम मंदावणं. मधुमेहात ही चारही कारणं एकत्र भेटणं अवघड नाही. साखर वाढली की लघवीवाटे पाणी जातं, जोडीला रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असते आणि मूत्रपिंड आधीच थोडं थकलेलं असतं.

एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. उलटीत पोटॅशियम फारसं नसतं. जठररसात ते लिटरमागे साधारण १० मिलिइक्विव्हॅलंटच असतं. मग उलट्यांनंतर ते इतकं घसरतं कसं? पाणी कमी झाल्यामुळे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि मूत्रपिंड सोडियम वाचवण्याच्या नादात पोटॅशियम लघवीतून सोडत राहतं. त्यामुळे उलट्या थांबल्या तरी पोटॅशियमची गळती लगेच थांबत नाही. पाणी आणि क्लोराइड भरून निघेपर्यंत ती चालू राहते.

जुलाबांचं गणित वेगळं आहे. त्यात बायकार्बोनेट बाहेर जातं, म्हणून नुसत्या जुलाबांनी सहसा रक्त आम्लधर्मी होतं. डॉक्टरांना सांगताना 'पोट बिघडलंय' एवढ्यावर थांबू नका. उलट्या किती, जुलाब किती, हे वेगवेगळं सांगा.

मधुमेहातच धोका जास्त का

पहिलं कारण जठर. बरीच वर्षं मधुमेह असला की जठराच्या नसा कमजोर होऊन अन्न पुढे सरकणं मंदावतं, त्याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. तासन्‌तास आधी खाल्लेलं अन्न उलटीत पडतं. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड ही इंजेक्शनंही जठर मंदावतात आणि डोस वाढवताना मळमळ-उलट्या होऊ शकतात. ज्याचं जठर आधीच मंद आहे त्याला ही औषधं सुरू करताना जास्त जपावं लागतं.

दुसरं कारण पोटॅशियम. अल्कलोसिसमध्ये ते रक्तातून पेशींमध्ये शिरतं, इन्सुलिनही त्याला पेशींत ढकलतं आणि लघवीतून जायचं ते जातच असतं. पोटॅशियम ३ च्या खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडण्याची, स्नायू लुळे पडण्याची भीती असते. शिवाय पोटॅशियम कमी असताना स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवतं, म्हणजे टाइप २ मध्ये साखर आणखी चढते. साखर चढली म्हणून इन्सुलिन वाढवलं की पोटॅशियम अजून खाली जातं. हे चक्र तोडायचं तर इन्सुलिन बंद करून भागत नाही, पोटॅशियम भरून काढावं लागतं.

तिसरं कारण म्हणजे लक्षणांची सरमिसळ. अल्कलोसिसमध्ये रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, कधी हाताची बोटं आपोआप आखडतात. मधुमेही माणूस त्याला नसांचा जुना त्रास समजतो. फरक असा, की नसांचा त्रास सहसा तळपायापासून हळूहळू, महिन्यां-वर्षांत वाढतो. ओठांभोवती मुंग्या आणि आखडलेली बोटं काही तासांत उद्भवली असतील, तर ते वेगळं आहे. थरथर, गोंधळ आणि धडधड हायपोमध्येही, म्हणजे साखर फार खाली गेल्यावरही, होते. त्यामुळे अशा वेळी पहिली कृती एकच: बोटातून साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल तर आधी हायपोचा उपचार, नसेल तर पुढचा विचार.

उलट्या सुरू झाल्या की घरी काय करायचं

कागद घ्या आणि वेळ लिहायला लागा. किती वाजता उलटी झाली, काय प्यायलं, त्यातलं किती टिकलं, लघवी कधी झाली, साखर किती, कीटोन किती, इन्सुलिन किती घेतलं. रुग्णालयात गेल्यावर आठवणीतून सांगितलेल्या दहा वाक्यांपेक्षा हा एक कागद जास्त कामाला येतो.

साखर दर २ ते ४ तासांनी तपासा, रात्रीसुद्धा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि 'ग्लिफ्लोझिन' गटातल्या (नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या) मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कीटोन दर ४ तासांनी तपासावेत. ते बोटातल्या रक्तातून तपासता आले तर उत्तम. लघवीची पट्टी ॲसिटोॲसिटेट ओळखते, पण कीटोॲसिडोसिसमध्ये जास्त साठणारं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ती ओळखत नाही, म्हणून कधीकधी खरं प्रमाण कमी दाखवते. शिवाय तिच्यात दिसते ती काही तासांपूर्वी साठलेली लघवी.

रक्तातल्या कीटोनचे आकडे असे वाचा. ०.६ मिलिमोल प्रति लिटरपर्यंत नॉर्मल. ०.६ ते १.५ असतील तर द्रव वाढवा आणि २ तासांनी परत तपासा. १.५ च्या पुढे गेले तर तेव्हाच डॉक्टरांना फोन करा. ३ किंवा जास्त असतील तर थेट रुग्णालय. साखर १५० असली तरी हेच लागू, कारण ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यात साखर फारशी न चढताही कीटोॲसिडोसिस होतो.

पिण्यासाठी ओआरएस निवडा. 'त्यात साखर असते' म्हणून मधुमेही ते टाळतात आणि नुसतं पाणी पीत राहतात. नुसत्या पाण्यात ना सोडियम, ना क्लोराइड, ना पोटॅशियम. या तिन्हींशिवाय मूत्रपिंड जादा बायकार्बोनेट सोडायला तयार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार १ लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये ३ ग्रॅमपेक्षाही कमी. सोबत क्लोराइड ६५, सोडियम ७५ आणि पोटॅशियम २० मिलिमोल मिळतं. एवढ्या ग्लुकोजला घाबरण्याचं कारण नाही. मात्र पाकिटावर लिहिलेलं पाणी मोजून घाला आणि 'एनर्जी ड्रिंक' किंवा फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस समजून घेऊ नका.

उलटी झाल्यावर १०-१५ मिनिटं काही देऊ नका. मग दर ५ मिनिटांनी १-२ चमचे द्या. अर्धा तास टिकलं तर घोट थोडा मोठा करा. तहान लागली म्हणून एकदम ग्लासभर प्यायलं की जठर ताणलं जातं आणि सगळं परत बाहेर येतं. हृदय कमजोर असणाऱ्यांनी किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी-पोटॅशियमवर मर्यादा असणाऱ्यांनी ओआरएस किती घ्यायचं हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. ऐन उलट्यांत ते विचारायला सुचत नाही.

दिवसभर काम करणारं इन्सुलिन, म्हणजे बेसल, जेवण होत नसलं तरी बंद करू नका. टाइप १ मध्ये तर कधीच नाही. डोस कमी करायचा का, हे डॉक्टर ठरवतील. जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र जेवण पोटात टिकेल याची खात्री नसताना आधी घेऊन बसू नका. टिकल्यावर घ्यायचं की नाही आणि किती, हे विचारून घ्या. आणखी एक सावधगिरी: एक-दोन दिवस उलट्या चालू आहेत, लघवीची गोळीही चालू होती आणि आता साखर ३०० वर आहे, अशा माणसाने घरीच तासातासाला इन्सुलिनचे जादा डोस मारत बसू नये. त्याला आधी पोटॅशियमची तपासणी हवी.

वाट न बघता रुग्णालय गाठायचं ते असं असेल तर: ४ ते ६ तास पोटात काहीच टिकत नाही, ८ तासांत लघवी नाही, माणूस गोंधळलेला किंवा झोपाळलेला आहे, छातीत धडधड आहे, बोटं आखडली आहेत, हातपाय लुळे वाटतात, उलटीत रक्त आहे, पोटात तीव्र दुखतंय, किंवा साखर ३०० च्या खाली येतच नाही. गरोदर असेल किंवा टाइप १ असेल तर याहूनही लवकर.

श्वासावर विसंबू नका. कीटोॲसिडोसिसमध्ये श्वास खोल आणि जलद होतो, हे अनेकांना शिकवलेलं असतं. जोडीला अल्कलोसिस असेल तर पीएच तितका घसरत नाही आणि तो ठसठशीत श्वास दिसतच नाही. 'श्वास तर नीट चाललाय' हा दिलासा इथे खोटा ठरू शकतो.

कुठल्या गोळ्या थांबवायच्या

खाणंपिणं होत नसताना काही औषधं नुकसान करतात. ती यादी बरं असतानाच डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि औषधांच्या डब्यात चिकटवा. नावाच्या शेवटावरून बरीच ओळखू येतात.

'ग्लिफ्लोझिन'ने संपणाऱ्या गोळ्या (डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन) लगेच थांबवायच्या, यात चर्चा नाही. मेटफॉर्मिनही थांबवायचं, कारण पाणी कमी होऊन मूत्रपिंड मंदावलं की लॅक्टिक ॲसिडोसिसची (रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याची) भीती असते. लघवीच्या गोळ्या (फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड) अल्कलोसिसला सरळ खतपाणी घालतात. पण हृदयाच्या आजारासाठी चालू असतील तर विचारल्याशिवाय बंद करू नका. '-प्रिल' आणि '-सार्टन' गटातली रक्तदाबाची औषधं आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं पाणी कमी असताना मूत्रपिंडाला दगा देतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांनी उपाशीपोटी हायपो होतो. आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर पुढचा डोस विचारल्याशिवाय टोचू नका. सेमाग्लुटाइडचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायलाच जवळपास आठवडा लागतो, त्यामुळे कालच घेतलं असेल तर त्रास लगेच ओसरण्याची अपेक्षा ठेवू नका.

थांबवलेल्या गोळ्या साधारणपणे नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी परत सुरू होतात. थांबवायचं लक्षात राहतं, सुरू करायचं विसरतं. म्हणून ती तारीखही त्याच कागदावर लिहा.

सोडा, अँटासिड आणि सिरप

पोटात जळजळ झाली की खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिण्याची सवय अनेकांना असते. सपाट भरलेला १ छोटा चमचा सोडा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. त्यात जवळपास ६० मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट आणि १,३०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. मूत्रपिंडाच्या आजारात दिल्या जाणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या सोडाबायकार्बच्या १० गोळ्या एका दमात घेतल्यासारखंच हे आहे. निरोगी माणूस एखाद्या वेळी हे पचवेल. मंद मूत्रपिंड, रक्तदाब, हृदयविकार किंवा चालू उलट्या असतील तर नाही.

कॅल्शियम कार्बोनेटच्या चघळायच्या गोळ्या, त्यासोबत कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचे पूरक डोस, अशी बेरीज झाली की कॅल्शियम वाढणं, अल्कलोसिस आणि मूत्रपिंड बिघडणं हे तिन्ही एकत्र होऊ शकतं. हाडांसाठी एक, ॲसिडिटीसाठी दुसरी, अशी वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची औषधं एकदा एकत्र मोजून बघा.

लघवीच्या जळजळीवर दिली जाणारी सायट्रेटची सिरपंही इथेच येतात. सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं. मधुमेहात लघवीची लागण वारंवार होते आणि मग उरलेली बाटली दर वेळी मनाने काढली जाते. उलट्या होत असताना किंवा पोटॅशियम कमी असताना ती कपाटातच राहू द्या. ज्येष्ठमधाचे काढे आणि गोळ्याही रोज, जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढवून पोटॅशियम घसरवतात. त्यातलं ग्लिसरिझिन मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखाच परिणाम घडवतं.

आणि ते 'अल्कलाइन पाणी पिऊन शरीर अल्कधर्मी केलं की मधुमेह जातो' हे प्रकरण. प्यायलेल्या पाण्याने रक्ताचा पीएच हलत नाही, फुप्फुसं आणि मूत्रपिंड तो हलू देत नाहीत. आणि जेव्हा खरंच हलतो, तेव्हा माणूस अतिदक्षता विभागात असतो.

रिपोर्ट वाचताना

मागायच्या तपासण्या: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट (काही प्रयोगशाळा 'टोटल सीओटू' लिहितात), क्रिएटिनिन, साखर, रक्तातले कीटोन, मॅग्नेशियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), ब्लड गॅस (पीएच आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब) आणि ईसीजी. मुंग्या किंवा आखडणं असेल तर आयनाइज्ड, म्हणजे मोकळं, कॅल्शियम. नुसतं टोटल कॅल्शियम मागवलं तर ते नॉर्मल येईल आणि त्रासाचं कारण हातातून निसटेल.

आता एक नमुना घेऊ. टाइप १ चा मधुमेह, दोन दिवस उलट्या. सोडियम १३६, पोटॅशियम २.९, क्लोराइड ८०, बायकार्बोनेट २६. ब्लड गॅसमध्ये पीएच ७.४४, कार्बन डायऑक्साइडचा दाब ४०. पीएच नॉर्मल, बायकार्बोनेट नॉर्मल. वरवर बघणारा म्हणेल, ॲसिडोसिस नाही.

ॲनायन गॅप काढा: सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा. १३६ − ८० − २६ = ३०. नॉर्मल गॅप १२ धरला तर १८ ने जास्त, म्हणजे रक्तात १८ मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास न मोजलेलं आम्ल आहे, इथे बहुधा कीटोनचं. या आम्लाने बायकार्बोनेट २४ वरून ६ वर यायला हवं होतं. ते २६ आहे. मग वरचे २० आले कुठून? उलट्यांमुळे ते आधीच ४४ च्या घरात पोचलेलं होतं. टाकीत एका नळाने पाणी येतंय, दुसऱ्याने जातंय आणि पातळी जिथल्या तिथे दिसतेय, तसा हा प्रकार. हा माणूस घरी पाठवण्यासारखा अजिबात नाही. त्याला पूर्ण कीटोॲसिडोसिसही आहे आणि गंभीर अल्कलोसिसही.

गणित करताना तीन ठिकाणी चूक होते. साखर जास्त असताना सोडियमचा 'सुधारित' आकडा काढतात, तो इथे वापरायचा नाही. गॅपसाठी प्रयोगशाळेने मोजलेलाच आकडा घ्या. अल्ब्युमिन कमी असेल तर गॅप खोटा कमी दिसतो. ४ च्या खाली दर १ ग्रॅममागे गॅपमध्ये २.५ मिळवा. मधुमेहामुळे मूत्रपिंडातून प्रथिनं जाणाऱ्यांत ही दुरुस्ती विसरून चालत नाही. तिसरी चूक म्हणजे नॉर्मल गॅप सगळीकडे १२ धरणं. काही यंत्रांवर तो कमी असतो, म्हणून त्या प्रयोगशाळेची मर्यादा बघा.

बायकार्बोनेट नुसतं वाढलेलं दिसलं म्हणूनही अल्कलोसिसचा शिक्का मारू नका. फुप्फुसांच्या जुन्या आजारात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याची भरपाई म्हणून मूत्रपिंड बायकार्बोनेट वाढवतं. तिथे पीएच खालच्या बाजूला असतो. मेटाबोलिक अल्कलोसिसमध्ये बायकार्बोनेट २४ च्या वर जितकं जाईल त्याच्या सुमारे ०.७ पट कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० च्या वर चढतो. बायकार्बोनेट ३८ असेल तर १४ गुणिले ०.७, साधारण १०, म्हणजे दाब ५० च्या आसपास अपेक्षित. तो ३८ किंवा ६५ आला तर आणखी काहीतरी चालू आहे. भरपाई म्हणून दाब सहसा ५५ च्या पुढे जात नाही.

कारण शोधायला लघवीतलं क्लोराइड सगळ्यात उपयोगी. २० च्या खाली असेल तर उलट्या किंवा आधी घेतलेली, आता असर उतरलेली लघवीची गोळी हे कारण, आणि सलाइनने सुधारणा होईल. २० च्या बरंच वर असेल तर लघवीची गोळी अजून काम करतेय, किंवा अल्डोस्टेरॉन, कॉर्टिसोल जास्त आहे. लघवीतलं सोडियम बघून फसायला होतं, कारण ऐन उलट्यांच्या दिवसांत लघवीत जाणारं बायकार्बोनेट सोडियमला सोबत ओढून नेतं आणि पाणी कमी असूनही सोडियम जास्त दिसतं. मधुमेह, न आवरणारा रक्तदाब आणि वारंवार कमी होणारं पोटॅशियम ही तिन्ही एकत्र असतील तर प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम (अल्डोस्टेरॉन जास्त बनणं) आणि कुशिंग (कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त असणं) या दोन आजारांची तपासणी मागा.

रुग्णालयात काय होतं आणि कुठे चुकतं

पाणी आणि क्लोराइड कमी असेल तर ०.९ टक्के सलाइन हा पहिला उपाय, त्यात लिटरमागे १५४ मिलिइक्विव्हॅलंट क्लोराइड असतं. किती आणि किती वेगाने द्यायचं, हे हृदय आणि मूत्रपिंड बघून ठरतं.

पोटॅशियम क्लोराइडच्या रूपातच द्यावं लागतं. सायट्रेटचं पोटॅशियम दिलं तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं, कारण त्यातून पुन्हा बायकार्बोनेट तयार होतं. हाताच्या शिरेतून दिलं जातं तेव्हा वेग सहसा तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत ठेवतात. ते डेक्स्ट्रोजच्या बाटलीत मिसळलं तर सुरुवातीला पोटॅशियम उलट घसरू शकतं, कारण ग्लुकोजने इन्सुलिन वाढतं. मॅग्नेशियम कमी असेल तर आधी किंवा सोबत तेही भरावं लागतं, नाहीतर पोटॅशियम किती दिलं तरी टिकत नाही. ॲसिडिटीच्या 'प्राझोल' गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत मॅग्नेशियम कमी असणं शक्य आहे.

कीटोॲसिडोसिसही सोबत असेल तर पोटॅशियम ३.५ च्या खाली असताना इन्सुलिन सुरू करत नाहीत, आधी पोटॅशियम देतात. नातेवाईक घाबरतात, 'साखर ४५० आहे आणि इन्सुलिन देत नाहीत' म्हणून वाद घालतात. त्या वेळी डॉक्टर बरोबर वागत असतात.

रुग्णालयात होऊ शकणारी एक चूक मात्र सूक्ष्म आहे. कीटोॲसिडोसिस संपला हे ठरवायला पीएच ७.३ च्या वर आणि बायकार्बोनेट १८ च्या वर, असे निकष वापरतात. वरच्या नमुन्यातल्या माणसात ते दोन्ही पहिल्याच मिनिटाला पूर्ण होतात. त्यावर विसंबून इन्सुलिनचं ड्रिप बंद केलं तर कीटोन तसेच राहतात. अशा रुग्णात कीटोन ०.६ च्या खाली आणि गॅप नॉर्मल, हेच बघायचं. आणि गॅप मिटल्यावर बायकार्बोनेट परत तपासायचं, कारण इन्सुलिन मिळाल्यावर कीटोनचंच बायकार्बोनेट होतं आणि तोवर झाकलेला अल्कलोसिस उघडा पडतो. कीटोॲसिडोसिसमध्ये पीएच ७.० च्या खाली नसताना सोडाबायकार्बची इंजेक्शनं टाळतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सलाइन जास्त देता येत नाही अशा सुजलेल्या, हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला ॲसिटाझोलामाइड २५० ते ५०० मिलिग्रॅम देतात. ते बायकार्बोनेट लघवीवाटे काढतं, पण पोटॅशियमही काढतं, म्हणून आधी पोटॅशियम सावरावं लागतं. मूत्रपिंड निकामी असेल तर डायलिसिस.

घरी आल्यावर

पोटॅशियम क्लोराइड चालू राहिलं तर ते जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्या. हळूहळू सुटणारी गोळी फोडू किंवा चघळू नका. गॅस्ट्रोपॅरेसिस असेल तर गोळीऐवजी पातळ औषध मागा, कारण मंद जठरात गोळी अडकून पडली तर तिथे व्रण होऊ शकतो. पातळ औषध निदान अर्ध्या ग्लास पाण्यात मिसळा, नुसतं घेतलं तर पोट जाळतं.

डोस सुरू झाल्यावर काही दिवसांतच पोटॅशियम आणि क्रिएटिनिन परत तपासा. मधुमेहात पारडं दुसऱ्या बाजूलाही पटकन झुकतं. '-प्रिल', '-सार्टन' किंवा स्पायरोनोलॅक्टोन परत सुरू झालं, मूत्रपिंड मंद आहे आणि पोटॅशियमची बाटली संपेपर्यंत चालूच ठेवली, तर ते धोकादायक वाढतं. लिहून दिलेली मुदत संपली की थांबा.

मूत्रपिंडाच्या आजारासाठी सोडाबायकार्बच्या गोळ्या चालू असतील तर उलट्यांच्या दिवसांत त्यांचं काय करायचं हे विचारून ठेवा. तब्येत बरी असताना झालेल्या एखाद्या तपासणीत बायकार्बोनेट, क्लोराइड आणि अल्ब्युमिनही करून घ्या आणि ते आकडे फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या वेळी रात्री दोन वाजता तपासणाऱ्या डॉक्टरला आजचं २६ हे नेहमीचं २६ आहे की ४४ वरून उतरलेलं, हे ताडायला तो जुना आकडा मदत करतो.